आमेन होईपर्यंत बसलेली खुर्ची

मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. घडीची हे आपलं म्हणायला. माझी घडी कुणालाही घालता येत नाही, आणि ज्यांनी ज्यांनी तसा प्रयत्न केला, त्यांच्या बोटांना तो दिवस अजून आठवत असेल. मी चर्चच्या मालकीची आहे. मला कुणी चोरू नये म्हणून माझ्या पाठीवर मागच्या बाजूने पांढऱ्या रंगात तसं लिहिलेलंही आहे. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला चोरावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलेलं नाही. जिथे हक्काची खुर्ची परत न्यायला यायचा लोकांना कंटाळा, तिथे चोरायची तसदी कोण घेणार?

आत्मवृत्त म्हटलं की जन्माची हकीकत सांगावी लागते, म्हणून सांगते. एका पत्र्याच्या शेडमध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात माझा जन्म झाला. माझा शेवटचा सांधा जोडायची वेळ आणि वेल्डरच्या जेवणाच्या सुट्टीचा भोंगा नेमके एकत्र आले. त्याला भूक लागली होती. त्यामुळे माझा उजवा सांधा जन्मापासून तिरका आहे. माझी भावंडं 'खट' करून मिटतात. मी 'कर्रर्र' करून अर्ध्यावर अडकते. तपासणी करणारा गृहस्थ माझ्यावर बसला, जरा हलला आणि म्हणाला, "बसता येतंय ना? मग चालेल." माझं आयुष्यभरात झालेलं कौतुक ते एवढंच. पुढे त्यात कुणी भर घातली नाही.

चर्चमध्ये आमची जागा जिन्याखालच्या खोलीत, फुटक्या कुंड्या आणि जुने पडदे यांच्या शेजारी. आत सभागृहात पॉलिश केलेले बाक असतात. त्यांच्यावर आठवड्यातून एकदा लोक तासभर बसतात आणि त्यातला अर्धा वेळ उभेच असतात. तरी मिजास बघा त्यांची! आम्हाला बाहेर काढायचं ते जादा गर्दी झाली तर. लग्नात आम्हाला पांढरी खोळ घालतात आणि लग्न संपलं की न पुसताच आत ढकलतात. माझ्या बैठकीखाली एका लग्नातल्या केकचा तुकडा बरीच वर्षं होता. त्या नवराबायकोचं पुढे पटलं नाही. केक टिकला.

आमच्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चला येणाऱ्या सगळ्या कुटुंबांमध्ये, एक जुनी पद्धत आहे. कुणाच्या घरी संकट आलं की आधी टेम्पोतून खुर्च्या जातात, मग माणसं जातात. ही मंडळी घरी जमून संकटातल्या माणसासाठी प्रार्थना करतात. कल्पना चांगली आहे. फक्त आम्ही दारात उतरलो की शेजारच्या खिडकीतून हमखास प्रश्न येतो, "कोण गेलं हो?" तोवर कुणी गेलेलं नसतं. साधं हाड मोडलेलं असतं. पण आम्हाला बघून घरच्या माणसाचा चेहरा पडतो. जणू आम्हीच संकट आणलं!

या प्रार्थनेची आणखी एक रीत आहे, ती नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. खुर्च्या गोलात मांडायच्या. प्रार्थना एका माणसाकडून शेजारच्याकडे फिरत जाते. पाळी आली की दोन शब्द बोलायचे. ज्याच्याने बोलवत नाही, त्याने शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवायचा, की पाळी पुढे सरकते. 'का बोलला नाहीस' असं कुणी विचारायचं नाही. ही रीत ज्याने कुणी काढली तो शहाणा असला पाहिजे. देवापुढे गप्प बसायची मुभा माणसांना सहसा कुणी देत नाही. माझ्या पाठीवर असे कितीतरी हात टेकले आहेत. लोक तोंडाने जे बोलतात त्यापेक्षा मला त्या तळव्यांवरून जास्त कळतं.

गोलाच्या शेवटी मात्र नेहमी लांबणकाका असायचे.

हे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळातले. पूर्वी विमा एजंट होते. प्रार्थनेत ते देवाला सगळी माहिती पुरवत. "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की आमची ही बहीण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या दारात राहते, की तिला मागच्या पावसाळ्यापासून गुडघ्याचा त्रास आहे, की तिने आधी एक डॉक्टर केला, मग दुसरा केला..." देवाला ठाऊकच आहे तर सांगता कशाला, हा साधा प्रश्न. पण मी खुर्ची. मला विचारतो कोण? काकांची प्रार्थना सुरू झाली की बसलेली माणसं आधी डाव्या बाजूला कलायची, मग उजव्या. मी कर्रर्र करायचे. दोन-तीन ठिकाणी बंद डोळ्यांआड लोकांना चक्क डुलकी लागायची. प्रार्थना संपून सगळे उठले, तरी काका कितीतरी वेळ खुर्च्या रचत, मोजत, पुन्हा रचत बसायचे. घरी जायची घाई या माणसाला कधीच नसायची. तेव्हा मला त्याचाही रागच यायचा.

असो. आता मूळ गोष्टीकडे येते. नाहीतर तुम्ही मलाही लांबणमावशी म्हणाल.

मंडळीत एक सलूनवाले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. भाऊंची जीभ आणि कात्री एकाच वेगाने चालायची. कात्री थांबली तरी जीभ थांबायची नाही. एके दिवशी गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं कापून झालेलं, भाऊ एक किस्सा अगदी रंगात येऊन सांगत होते, आणि मध्येच शब्द चुकायला लागले. मग कात्री पडली. मग भाऊ पडले. त्या गिऱ्हाईकाने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. अर्धं डोकं कापलेलं आणि गळ्याला तसाच टॉवेल, अशा अवतारात तो बिचारा दिवसभर तिथे धावपळ करत होता, आणि नर्सबाई दर वेळी आधी त्यालाच पेशंट समजत होत्या.

भाऊ वाचले. पण अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे त्यांची दोन्ही हत्यारं एकदमच गेली.

अर्थात टेम्पो निघाला. खाली उतरताच खिडकीतून प्रश्न आला, "कोण गेलं हो?"

मित्रांनो, धीर द्यायला आलेली माणसं हा एक वेगळाच विषय आहे. एक बाई म्हणाल्या, देव झेपेल तेवढंच ओझं देतो. दुसऱ्या म्हणाल्या, ही परीक्षा आहे. एका गृहस्थांनी घसा खाकरून, काही लपलेलं पाप वगैरे तर नाही ना, याची नाजूक चौकशी केली. एकीने कसलंसं तेल सुचवलं. आणि या सगळ्यांना चहा कोण देत होतं? वहिनी. बशा पुसत होती, बिस्किटं पुरतील का बघत होती, मधेच आत जाऊन भाऊंच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पुसून येत होती. दुसऱ्यांनी दिलेला धीर घेता घेता माणसाचा स्वतःजवळचा शिल्लक धीर कसा संपतो, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

जाताना बाकीच्या खुर्च्या मिटवून नेल्या. मला मिटवायला गेले तेव्हा एकाचं बोट चिमटलं. "राहू दे ही इथेच," तो बोट तोंडात घालत म्हणाला, "पुढच्या गुरुवारी लागेलच." अशी मी त्या घरात मुक्कामाला राहिले. बाकीच्या दर गुरुवारी येत आणि जात.

माझी जागा खिडकीशी, भाऊंच्या पलंगाजवळ. वहिनी शिवणकाम करायची, कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, असं. आता ती मशीन सोडून हातशिलाईचं काम घेऊन माझ्यावर बसू लागली, म्हणजे भाऊंवर लक्ष राहील. तोंडात टाचण्या. समोर पलंगावर चित्रांचे पत्ते. हे पत्ते बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी दिले होते. वहिनी टाचण्या काढून विचारायची, "अहो, हे काय? बघा बरं. पाण्याचा पेला. पाणी. म्हणा, पाणी." भाऊ पेल्याकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे, ओठ हलवायचे. आवाज नाही. टाचण्या परत तोंडात.

घरात भाऊंची मोठी बहीणही होती, अक्का. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. "अगं, जन्मभर 'जरा गप्प बस रे' म्हणून याच्यामागे लागले होते मी," ती म्हणायची, "देवाने माझं नेमकं हेच ऐकावं का? बाकी इतकं मागितलं, ते नाही ऐकलं!"

गुरुवारच्या गोलात वहिनीची पाळी आली की ती हात टेकवायची. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, म्हणून हात माझ्यावर. सुयांनी भोकं पडलेली बोटं होती ती. पहिल्या गुरुवारी लोकांनी समजून घेतलं. मग ते आपसांत बघू लागले. मग दाराशी चपला घालताना कुजबुज सुरू झाली. "विश्वास डळमळलाय हो बाईचा."

डळमळलाय? मी रोज तिच्या बुडाखाली असायचे. मला विचारा. ही बाई टाचण्या तोंडात धरून दिवसभर देवाशी हुज्जत घालत होती. ओठ मिटलेले, त्यामुळे नुसतं 'हं', 'हंहं', 'हं?' एवढंच ऐकू यायचं. पण तो 'हं?' कुणाला होता, हे न कळायला मी काही बाक नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी माणूस इतका वेळ भांडत नाही. सरळ बोलणं टाकतो.

मग तो गुरुवार आला. गोल फिरत लांबणकाकांपाशी आला. त्यांनी देवाला पत्ता सांगितला. मजला सांगितला. औषधांची नावं सांगितली, त्यातलं एक चुकीचं सांगून परत दुरुस्त केलं. माझ्यावर त्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बसले होते. तेही डावीकडून उजवीकडे कलून झाले. भाऊंना उशांचा टेकू देऊन पलंगावर बसवलं होतं. काका म्हणाले, "आणि हे प्रभू, आमच्या या बहिणीचं हृदय कठीण झालं आहे, तिच्या ओठांवर तुझं नाव येत नाही, तिच्या दुबळ्या विश्वासाची तू क्षमा..."

"आमेन!"

चांगला खणखणीत आवाज. काकांनी एक डोळा उघडला. मग मिटला. "...आणि तुला ठाऊकच आहे की..."

"आमेन!!"

आता सवय ही काय चीज आहे बघा. आमेन कानावर पडताच अख्ख्या खोलीने एकसुरात 'आमेन' म्हटलं आणि सगळे उठले. हुश्श करून. कुणी पाय झाडले, कुणी चष्मा पुसला. अक्का चहाचं बघायला काठी टेकत आत गेली. प्रार्थना एकदाची संपली या आनंदात ती कुणी संपवली, याकडे कुणाचं लक्षच नव्हतं! फक्त वहिनी उठली नव्हती. ती पलंगाकडे बघत तशीच बसली होती.

आतून आधण ठेवल्याचा आवाज आला, मग एकदम शांतता, मग अक्काची हाक. "अगं ए... तो कोण बोलला गं?"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणी रडलं, कुणी गाणं सुरू केलं आणि ते भलत्याच उंच पट्टीत सुरू झाल्यामुळे मध्येच सोडून दिलं. लांबणकाका सगळ्यांना सांगत होते, "माझ्या प्रार्थनेच्या मध्यावर! अगदी मध्यावर!" हे खरंच होतं. शेवट आणखी तेवढाच लांब होता. येत्या रविवारी भाऊंनी चर्चमध्ये उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यावी, असाही ठराव दारातच झाला.

साक्ष कसली देताय? भाऊंकडे शब्द एकच होता.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की असं होतं. जो शब्द जन्मभर रोज तोंडात बसलेला असतो, तो कधीकधी आधी सुटतो. बाकीचे येतील, नाहीही येतील. वहिनीने मान हलवली. घरी येऊन पेल्याचा पत्ता दाखवला. "हे काय?"

"आमेन."

"पाणी हवंय का?"

"आमेन."

"म्हणजे नकोय?"

"आमेन!"

"उशी? खिडकी? अहो, नीट सांगा ना!"

"आमेन, आमेन, आमेन!" आणि भाऊंनी डाव्या हाताने पत्ते उधळून दिले.

"जन्मभर इतकी बडबड केलीत," वहिनी पत्ते गोळा करत म्हणाली, "आणि वाचवून काय ठेवलंत, तर एक शब्द. तोही बोलणं संपवायचा!"

हळूहळू घराला त्या आमेनचे सूर कळायला लागले. लांबट आमेन म्हणजे उशी. तुटक म्हणजे लघवी, आणि लवकर. खालच्या पट्टीतला म्हणजे अक्काने आता पुरे करावं. पण सूर ओळखून माणूस उचलता येत नाही. एके दिवशी भाऊंना आंघोळीला नेताना वहिनीचा पाय घसरला. दोघंही न्हाणीघराच्या दारात खाली बसले. भाऊंना उठता येईना, त्यांच्याखाली अडकलेल्या वहिनीला उठता येईना, आणि अक्काला वाकता येईना. शेवटी अक्काने जिन्यात उभं राहून हाका मारल्या तेव्हा शेजारचे आले. शेजारच्यांनी दोघांना उचललं आणि विचारलं, "काय हो, चर्चची एवढी माणसं येतात ती कुठायत?" अक्का म्हणाली, "गुरुवारी या, दाखवते."

हे पंचमंडळाच्या कानावर गेलं आणि लांबणकाकांनी धावपळ केली. दुसऱ्या गावात एक शुश्रूषागृह आहे, तिथे एक खाट रिकामी झाली होती. "वहिनी, विचार करा," ते म्हणाले. "तिथे नर्सा आहेत, सोयी आहेत. तुमच्या एकटीच्याने होणार नाही. गुरुवारी सांगा, म्हणजे तसं कळवता येईल."

मला त्यांचा राग आला. पण खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नव्हते. अक्कासुद्धा काही बोलली नाही, आणि अक्का गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

वहिनीने माळ्यावरची बॅग काढली. झटकली. आणि ठेवली कुठे? माझ्यावर. मग तिच्यात भाऊंचे कपडे एकेक घडी करून जाऊ लागले. मित्रांनो, माझ्यावर आजवर फार जाडजूड माणसं बसली आहेत. त्या अर्ध्या भरलेल्या बॅगेइतकं जड मला कुणी वाटलं नाही.

बुधवारी दुपारी तिने बॅग खाली ठेवली आणि ती माझ्यावर बसली. भाऊंची एक पँट राहिली होती. एका हाताने बटण लावता येत नाही म्हणून ती कमरेला इलॅस्टिक घालत होती, तिकडच्या लोकांना सोपं जावं म्हणून. भाऊ डोळे मिटून पडलेले. अक्का आत पंख्याखाली आडवी. वहिनीने दोन टाके घातले आणि थांबली. मग तोंडातल्या टाचण्या काढून एकेक मनगटावरच्या गादीत खोचल्या. सगळ्या खोचून झाल्यावर ती मोठ्याने बोलली. त्या घरात आल्यापासून तिची प्रार्थना मी शब्दांत पहिल्यांदाच ऐकत होते.

"हे बघ," ती म्हणाली, "मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही. येणारही नाही. सगळे सांगतात तू बळ देतोस. मग दे ना! कुठे ठेवलंयस? मला यांना पाठवायचं नाहीये. आणि मला यांना ठेवणं जमत नाहीये. दोन्ही खरं आहे. आता तूच काय ते बघ. क्रूसावर तूही ओरडला होतास ना? तुलाही कुणी नाही असंच वाटलं होतं ना? मग माझ्या ओरडण्याचा राग मानू नकोस. मी कुठे जाऊन ओरडू? दुसरं आहे कोण? तू आहेस हे मला माहीत आहे. तेवढंच माहीत आहे. त्याच्या पुढचं..."

त्याच्या पुढचं तिला येईना. तोंड उघडं, शब्द नाही. आता त्या खोलीत न बोलू शकणारी दोन माणसं होती.

तेव्हा माझ्या पाठीवर हात टेकला. डावा हात. पलंगावरून कसाबसा लांबवलेला, पण टेकलेला. आणि भाऊ म्हणाले, "आमेन."

तो उशीचा नव्हता. लघवीचा नव्हता. अक्काचाही नव्हता. त्या घरात मी इतके आमेन ऐकले, त्यातला हा पहिलाच असा की ज्याला आमेनच म्हणायचं होतं.

वहिनी वळली. "अहो, तुम्ही ऐकत होतात?"

"आमेन."

"रोजचं? ते टाचण्या तोंडात असतानाचं पण?"

"आमेन," भाऊ जरा चिडूनच म्हणाले. न ऐकून जातात कुठे!

वहिनी हसायला लागली. मग ते हसणं रडण्यात गेलं आणि परत हसण्यात आलं. माझा सांधा सारखा वाजत होता, पण त्या दिवशी मी कुरकुर केली नाही. तो नुसता आवाज होता. मग तिने डोळे पुसले, तेही त्या पँटीनेच, आणि म्हणाली, "ठरलं तर. बोलायचं मी. संपवायचं तुम्ही." बॅगेतले कपडे कपाटात परत गेले. बॅग मात्र माळ्यावर चढली नाही. तिच्यात अक्काने कांदे भरून ठेवले.

गुरुवारी गोल जमला. काकांनी प्रार्थना चालू होण्याआधीच विचारलं, "मग काय कळवू, वहिनी?"

"नाही कळवा," वहिनी म्हणाली.

"अहो, पण तुमच्या एकटीच्याने..."

"एकटीच्याने नाहीच होणार. तेच सांगतेय." तिने गोलावरून नजर फिरवली. "तुम्ही सगळे येता, मला धीर देता. मला धीर नकोय. आहे माझ्याकडे, काल मिळाला. मला सोमवारी सकाळी आंघोळीच्या वेळी दोन हात हवेत. मंगळवारी दुपारी दोन हवेत. प्रार्थना करायची तर त्यांना उचलताना करा, चालेल. चहा मिळणार नाही."

मित्रांनो, देवाकडे बळ मागणारी माणसं स्वतःच्या दंडाकडे किती संकोचून बघतात! काहींना फरशीची नक्षी एकदम फार आवडली. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "सोमवारी मी येतो." मग गोलात दोन सख्खी भावंडं होती, ती म्हणाली शनिवारी. तेलवाल्या बाई म्हणाल्या की त्या अक्काच्या गुडघ्यांना तेल... बरं, नुसतंच जेवण आणतील. आणि मग कुणालाच अपेक्षा नसताना लांबणकाका म्हणाले, "मंगळवारी दाढी मी करीन त्यांची."

"तुम्हाला येते?" अक्काने विचारलं.

"रोज स्वतःची करतो की." मग जरा थांबून, खाली बघत, "दुपारी मी मोकळाच असतो. घरी तसं... कुणी नसतं आता."

एवढंच. त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होते. प्रार्थना संपली की घरी जावं लागतं, आणि घरी ऐकणारं कुणी नाही, म्हणून संपवायचीच नाही, हा साधा हिशेब माझ्या लोखंडी डोक्यात कधी शिरला नव्हता.

मंगळवारी दुपारी भाऊंना माझ्यावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल. काका बाह्या सरसावून उभे. त्यांनी ब्रशावर साबण घेतला आणि सरळ कोरड्या गालावर घासायला सुरुवात केली. तोंडाने चालूच, "पूर्वी आमच्याकडे एक पॉलिसी होती, भाऊ..."

"आमेन," भाऊ म्हणाले.

"हो ना? तर त्या पॉलिसीत..."

"आमेन!"

"अगदी बरोबर बोललात." आणि काकांनी वस्तरा उचलून खालून वर नेला.

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची दाढी भिजवली, मऊ केली, मगच हत्यार लावलं, त्याच्या कोरड्या गालावर एक विमा एजंट उलटा वस्तरा फिरवत होता. माझ्या बैठकीवर भाऊंचं सगळं अंग ताठ झालं. मान लाल झाली. घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, ओठ वाकडे झाले, शब्द एकदा फसला, दुसऱ्यांदा फसला, आणि मग तिडीक येऊन एकदम बाहेर पडला,

"पा... पाणी! अरे, गरम... पाणी!"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तोंडात टाचण्या. डोळे एवढाले.

"अगं, आधी टाचण्या काढ," मागून अक्का ओरडली, "गिळशील!"

लांबणकाकांच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात ब्रश, बाहीवर साबण. त्यांनी छताकडे बघितलं. छाती भरून श्वास घेतला. मी ओळखलं, आता पत्ता येणार, मजला येणार, सगळ्या औषधांची नावं येणार. भाऊंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

काकांनी श्वास सोडला.

"आमेन," ते म्हणाले, आणि गरम पाणी आणायला आत गेले.

आता भाऊंकडे मूठभर शब्द आहेत. त्यातले बरेचसे दाढी कशी करू नये याविषयीचे आहेत, आणि ते चर्चमध्ये साक्ष देण्यासारखे नाहीत. सलून अजून बंद आहे. वहिनी अजून रोज भांडते, भाऊ संपवतात. माझ्या सांध्याला मात्र तेलाचा थेंब अजून कुणी घातलेला नाही. एवढं तेल सुचवणारी माणसं या घरात येऊन गेली, पण खुर्चीला सुचवायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. आपल्या खुर्च्यांना तेलपाणी करा. आणि कुणाच्या घरी संकटात गेलात तर आधी पाणी गरम करायला ठेवा. मग प्रार्थना करा, मनापासून करा, पण पाण्याला उकळी येईपर्यंतच करा. तेवढी पुरते. निघताना खुर्च्या मिटवून परत न्या.

मला सोडून. मला न्यायला परवा एकजण आला होता. वहिनीने माझ्या पाठीवर हात टेकवला. या मंडळीत त्यानंतर कुणी काही विचारत नाही.